रिकामं परतायचं नाही

एक जंगल होतं. नकाशात ते हिरव्या रंगाने दाखवलेलं होतं, त्यामुळे ते नक्कीच असणार. जंगलात झाडं होती, ओढे होते आणि दर पाच वर्षांनी निवडणूक होती. जो निवडून येईल त्याला राजा म्हणायची पद्धत होती, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. गेल्या तीन खेपांना एक रानगवाच निवडून येत होता. सगळे त्याला गवाराजे म्हणत. गवाराजे अंगाने इतके भव्य होते की त्यांच्या मागे काय चाललंय हे प्रजेला दिसत नसे आणि पायाखाली काय आलंय हे त्यांना स्वतःला दिसत नसे. राज्य करायला एवढं पुरतं.

पूर्वी या जंगलात जो तो आपलं पोट आपणच भरत असे. हे मागासलेपणाचं लक्षण आहे असं राजांच्या लक्षात आलं. मग हुकूम निघाला की सगळं धान्य एका मोठ्या कोठारात जमा करायचं आणि तिथून ज्याला लागेल त्याला पोचवायचं. जमा करायचं काम प्रजेने फुकट केलं. पोचवायचं काम 'दौलतराव तरस आणि मंडळी' या कंपनीला मिळालं. दौलतरावांचा आणि आपला काहीही संबंध नाही, हे राजांनी कुणी विचारलेलं नसताना तीन सभांत सांगितलं होतं. कोठाराची किल्ली एका घुशीकडे दिली गेली. ही नेमणूक नावावरून नव्हे, कामाच्या अनुभवावरून झाली होती.

कंपनीत अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, सल्लागार होते, सल्लागारांचे मेहुणे होते. आणि ओझी वाहायला गाढवं होती.

त्यातल्या सातव्या तांड्याचा म्होरक्या बयाजी. तांड्यात बारा गाढवं, प्रत्येकाच्या पाठीवर दोन गोणी. त्यांची वाट सगळ्यांत लांबची आणि सगळ्यांत वाईट. कोठारापासून शेंदूरकड्यापर्यंत चार दिवसांची चढण होती. कड्यावर एकतीस शेळ्या राहत. माघ लागला की वरचं गवत संपे. तिथून पहिलं हिरवं पातं उगवेपर्यंत बयाजी आणील तेवढाच दाणा. खाली उतरून चरावं म्हटलं तर घळीत बिबट्या होता. बिबट्याचा कंपनीशी करार झालेला होता की कंपनीच्या मालाला तो तोंड लावणार नाही. तो करार त्याने शब्दाला जागून पाळला. शेळ्या कंपनीचा माल नव्हत्या.

बयाजी स्वभावाने साधा होता. त्याची एकच खोड होती. वाटेत खारींची वस्ती लागे, तिथे त्याच्या उजव्या बाजूची गोण उतरायची. मग डावीकडची गोण ओढे, खोगीर कले आणि चढणीवर पाय चुके. म्हणून त्याने ओढ्यातला एक काळा गुळगुळीत गोटा शोधून काढला होता. उजवी गोण उतरली की तिच्या जागी गोटा. कड्यावर डावी गोणही उतरली की गोटा पाठीवर मधोमध बांधून तो परत आणी. वजनाला इतका नेमका आणि पाठीला न रुतणारा गोटा पुन्हा मिळणार नव्हता. पासंगाला गोटा लावायचा, ही गाढवांची वाडवडिलांपासूनची रीत होती आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाही गाढवाला कधी वाटलं नव्हतं.

इथून गोष्ट बिघडते.

तळ्यापलीकडच्या जंगलाशी कंपनीचा मोठा व्यापार होता. कसला व्यापार, हे विचारायची पद्धत नव्हती. पलीकडे बगळ्यांचं मंडळ होतं. बगळे एका पायावर उभे राहत, डोळे अर्धे मिटत आणि मग मत देत. त्यांनी निरोप धाडला की यापुढे जी कंपनी शाश्वत नसेल तिच्याशी व्यवहार होणार नाही आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाहणीला येतो.

शाश्वत म्हणजे काय ते दरबारात कुणालाच ठाऊक नव्हतं. गवाराजे म्हणाले की ते जे काही असेल ते आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवलेलं आहे. टाळ्या पडल्या. पण बगळ्यांना लेखी हवं होतं.

म्हणून कंपनीने एक हरित अधिकारी नेमला. हिरामण नावाचा पोपट. त्याने बंदरावरच्या एका पेढीत, पिंजऱ्यात, अकरा वर्षं काढली होती आणि तिथले सगळे शब्द त्याला पाठ होते. निवड करताना फार विचार करावा लागला नाही. तो हिरवा होता.

हिरामणने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "जंगलाची हवा कशाने बिघडते? श्वासाने. आपल्या कंपनीत सर्वाधिक श्वास कोण टाकतं?"

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर गाढवं धापा टाकत होती.

"तेव्हा आपण मोजणार आहोत ते एक मण ओझ्यामागे किती श्वास पडतात ते. आकडा जितका लहान, तितकी कंपनी हिरवी."

दुसऱ्या दिवसापासून हिरामण कोठाराच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाढवांचे श्वास मोजू लागला. जाणाऱ्यांचा हिशेब जमला. येणाऱ्यांचा जमेना, कारण येताना पाठीवर ओझं शून्य आणि श्वास मात्र चालूच. आकडा फार वाईट येऊ लागला. हिरामणची पिसं गळायची वेळ आली. तेवढ्यात सातवा तांडा परतला आणि बयाजीच्या पाठीवर त्याला काहीतरी दिसलं.

"हे काय आहे?"

"गोटा हाय, साहेब."

"माल?"

"माल न्हाई. पासंग हाय. खारींकडं उजवी गोण उतरती, मग डावीकडं कलतंय. म्हनून लावतो."

"म्हणजे तुम्ही परतताना रिकामे येत नाही."

"गोटा घिऊन येतो."

"तेच म्हणतोय मी," हिरामण म्हणाला आणि त्याने घाईघाईने वहीत लिहून घेतलं.

आठवड्याच्या आत बयाजीचा सत्कार झाला. गळ्यात पानांचा हार घातला गेला आणि तो खायचा नाही अशी ताकीद दिली गेली. दौलतराव बोलायला उभे राहिले. तरसाचं हसणं आनंदाचं नसतं, तो त्याचा आवाजच असतो, पण सभेत ते उपयोगी पडे.

"बंधूंनो आणि भगिनींनो," दौलतराव म्हणाले, "या आपल्या बयाजीरावांनी कंपनीला दिशा दिली. हे कधी रिकामे आले नाहीत. आज मी घोषणा देतो, तुम्ही ती पुरी करायची. जाईन तर भरून."

"येईन तर भरून," गाढवं म्हणाली. म्हटल्याशिवाय चारा मिळणार नव्हता.

खोटं कशाला बोला, बयाजीला बरं वाटलं. उभ्या जन्मात गाढवाच्या नावापुढे कुणी 'राव' लावलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याचं चित्र फाटकावर लागलं. खाली लिहिलं होतं : रिकामं परतायचं नाही. बयाजी चित्राखालून जाताना मान जरा ताठ करू लागला.

मग नियम आला. परतताना प्रत्येक गाढवाने काही ना काही आणलंच पाहिजे. वस्त्यांवरून आणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गाढवं दगड आणू लागली. आकडा एकदम निम्म्यावर आला. कोठाराच्या अंगणात दगडांचा ढीग वाढू लागला. ढिगाला जागा पुरेना, तेव्हा शेजारची ऐन आणि जांभळाची तीनशे झाडं तोडून मैदान केलं गेलं आणि त्याला 'हरितवन' असं नाव दिलं. तोडलेल्या झाडांची भरपाई म्हणून प्रत्येक गाढवाच्या दोन कानांमध्ये एक डहाळी खोचण्यात आली. बारा गाढवं म्हणजे एक राई, असा हिशेब होता. मागचं गाढव पुढच्याची डहाळी खाई. त्याच्यावर वृक्षतोडीचा गुन्हा दाखल होई.

तिसऱ्या तांड्यातली एक म्हातारी गाढवीण भर अंगणात रेकली, "अरं पर हे धोंडं पायजेत कुणाला?" हिरामणने तिथल्या तिथे मोजून दाखवलं की एका रेकण्यात चाळीस श्वास वाया जातात. संध्याकाळी रेकण्यावर बंदी आली. तेव्हापासून कंपनीत एकही तक्रार आली नाही. अहवालात याची वेगळी नोंद झाली.

इथवर बयाजी गप्प होता. दगड वाहणं गाढवाला नवं नाही. पण माघ संपता संपता हिरामणने दुसरा शोध लावला.

"धान्य हलकं असतं," तो बैठकीत म्हणाला. "दगड जड. गोण एकच, गाढव एक, श्वास तेवढेच. मग धान्याची गोण नेताना मणामागे श्वास जास्त पडतात. मंडळी, ऐकायला कटू आहे, पण आपल्या कंपनीतला सगळ्यांत प्रदूषणकारी माल जर कुठला असेल तर तो धान्य आहे."

इतकी वर्षं आपण काय पाप करत होतो, या विचाराने उपाध्यक्षांना हुंदका आला. ठरलं असं की जातानाही शक्य तितके दगडच न्यायचे. धान्य हळूहळू कमी करायचं. एकदम बंद केलं तर गैरसमज होतो.

त्या खेपेला सातव्या तांड्याने चोवीस गोणी उचलल्या. तीन धान्याच्या, एकवीस दगडांच्या. त्यातली एक धान्याची खारींकडे उतरली. चौथ्या दिवशी शेंदूरकड्यावर पोचलं तेव्हा ताराक्का नेहमीसारखी वाटेच्या तोंडाशी उभी होती. ताराक्का म्हणजे कड्यावरची सगळ्यांत जुनी शेळी. एक शिंग मोडकं, दाढी पांढरी. गोण उघडायच्या आधी ती नाकानेच ओळखायची की आत काय आहे. ती एकेका गाढवापाशी गेली आणि गोणी हुंगून पुढे सरकली.

"बयाजी," शेवटी ती म्हणाली, "आमच्या कड्यावर धोंड्याची टंचाई हाय, असं कुनी सांगितलं तुला?"

बयाजीने मान खाली घातली. "वरून हुकूम हाय, आक्का. हरित का काय ते चाललंय."

"ह्या दोन गोणी एकतीसजणींनी किती दीस खायच्या?"

"म्होरल्या खेपंला आणतो."

"त्या दोन पाठी बघ," ताराक्काने कपारीकडे मान केली. तिथे दोन लहान पाठी, शेळ्यांची पिल्लं, एकमेकींना टेकून बसल्या होत्या. गाढवं आली की त्या उड्या मारत पुढे येत, बयाजीच्या शेपटीला लोंबकळत. आज उठल्या नाहीत. "पाडव्यापातूर वाट बघू. पाडव्याला दाना न्हाई आला तर उतरनार आमी. हितं बसून मरन्यापरीस घळ बरी."

"घळीत बिबट्या हाय, आक्का."

"मला सांगतोस व्हय? माझी आई गेली, दोन लेकी गेल्या तिथं. शेळी जाते जिवानिशी आन् खानारा म्हनतो वातड." तिने बयाजीकडे नीट पाहिलं. "तुझं चित्तर लागलंय म्हनं फाटकावर. खारी सांगत हुत्या."

बयाजीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गोट्याची लाज वाटली. परतताना त्याने तो पाठीवर घेतला खरा, पण चारही दिवस तो त्याला रुतत राहिला.

परत आल्यावर तो सरळ दौलतरावांकडे गेला. गाढवाने अध्यक्षांच्या दालनात जायचं म्हणजे आधी सतरा ठिकाणी थांबायचं. पण बयाजी चित्रातला होता, त्याला लगेच आत घेतलं.

"साहेब, शेंदूरकड्याला दाना पायजे. पाडव्याच्या आत. न्हाई तर शेळ्या उतरतील आन् बिबट्याला गावतील."

दौलतराव हसले. हिरामण कोपऱ्यात बसला होता, त्याने वही उघडली. "शेंदूरकडा का? अभिनंदन. त्या वस्तीने धान्याचा वापर एका महिन्यात ऐंशी टक्क्यांनी कमी केला आहे. इतर कुठल्याही वस्तीला हे जमलेलं नाही. अहवालात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे."

"त्या उपाशी हैत, साहेब."

"तुम्ही त्याला उपाशी म्हणता. आम्ही संयम म्हणतो."

"बयाजीराव," दौलतराव मायेने म्हणाले, "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बगळे येतात. तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहायचंय. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, तसं समजा. एकदा प्रमाणपत्र हाती पडू दे, मग कड्यावर काय पाठवायचं ते बघू." आणि त्यांनी खरोखरच बयाजीच्या पायाला हात लावला. ही म्हण गाढवांनी तोवर नुसती ऐकली होती.

बयाजी तिथून कोठाराकडे गेला. घूस दारातच बसली होती. तिचं पोट जमिनीला टेकलं होतं.

"सा गोणी दाना दे," बयाजी म्हणाला. "माझ्या नावावर लिव."

"नावावर काय लिहू? आत येऊन बघ," घूस म्हणाली. ती लबाड होती, पण आळशीही होती, खोटं बोलायचे कष्ट घेत नसे.

बयाजीने आत डोकावलं. दारापासून चार हात धान्याच्या गोणींची भिंत होती. भिंतीमागे दगडच दगड, छतापर्यंत रचलेले. आणि पाठीमागे, तळ्याच्या बाजूला, एक नवं दार होतं. त्याच्या उंबऱ्यावर बगळ्यांच्या पायांचे ठसे उमटले होते.

"धान्य सडतं, किडतं, उंदीर खातात," घूस म्हणाली. "दगडाला काही होत नाही. साठवणुकीत घट शून्य. हिरामणने शाबासकी दिली मला."

बयाजी मागे फिरला. रेकायला बंदी होती. तो तांड्यात आला, अकरा जणांना जवळ घेतलं आणि काय पाहिलं ते हळू आवाजात सांगितलं. गाढवांना कंपनीकडून रोज शेरभर दाणा मिळे. सातव्या तांड्याने तो खायचा थांबवला. नुसत्या पाल्यावर राहून त्यांनी तीन आठवड्यांत सहा गोणी भरल्या. पाडव्याला पाच दिवस उरले होते. चढायला चार लागतात. बयाजीचा हिशेब नीट होता.

पहाटे तांडा फाटकावर आला. हिरामणने काट्यावर पाहिलं.

"वजन कमी भरतंय. आत काय आहे?"

"आमचाच दाना हाय, साहेब. आमच्या वाटनीचा."

"कुणाचा आहे हा प्रश्न नाही. जड किती आहे हा प्रश्न आहे. या ओझ्यावर तुम्ही बाहेर पडलात तर पाहणीच्या तोंडावर कंपनीचा आकडा वाढेल. आणि तुम्हाला तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इथेच उभं राहायचंय. कुठे निघालात?"

फाटक लागलं. बाकीच्या अकरांना दुसऱ्या वाटेवर दगडांना जुंपलं. बयाजीला अंघोळ घातली, खरारा केला, कानांमध्ये ताजी डहाळी खोचली आणि हरितवनात एका चौथऱ्यावर उभं करून सराव सुरू झाला. सहा गोणी चौथऱ्यामागेच पडून राहिल्या. पाडवा आला आणि गेला. बयाजी शेंदूरकड्याच्या दिशेने बघत उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा उत्साहामुळे आलं असं सगळ्यांनी मानलं.

दुसऱ्या दिवशी बगळे आले. रांगेने, पांढरेशुभ्र, पाय उचलून टाकत. गवाराजे आले. मैदान भरलं. निवडणूक दोन महिन्यांवर होती, म्हणून राजे जरा जास्त वेळ बोलले.

"काही जण विचारतात, पोटाला काय? मी त्यांना विचारतो, पोट आज आहे, उद्या नाही. दगड कायम आहे. मग शाश्वत काय?"

"दगड," प्रजा म्हणाली.

बगळ्यांनी डोळे अर्धे मिटले. मुख्य बगळ्याने विचारलं, "आदर्श वाहक कोण?" हिरामणने बयाजीला पुढे केलं. सराव दगडांच्या गोणींचा झाला होता, पण आयत्या वेळी हाताशी होत्या त्या दोन गोणी त्याच्या पाठीवर चढवल्या गेल्या. आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. ते पाहायची सवय कंपनीतून सुटली होती.

तेवढ्यात फाटकाशी गडबड झाली.

शेळ्या आल्या होत्या, गाढवांना न जमणाऱ्या घळीच्या उभ्या उतारावरून, एका दिवस-रात्रीत. धुळीने माखलेल्या, काहींच्या अंगावर पंजाचे ओरखडे. त्या मैदानात शिरल्या आणि तिथेच थांबल्या, कारण पुढे जायचं त्राण नव्हतं. सगळ्यांत मागे ताराक्का होती. बयाजीने मोजल्या. एकोणीस भरल्या. त्याने पुन्हा मोजल्या. दोन पाठींपैकी एकच दिसत होती.

बयाजी चौथऱ्यावरून उतरला. कुणी त्याला उतर म्हटलं नव्हतं. तो राजांच्या समोरून चालत शेळ्यांपाशी गेला, खाली बसला आणि दातांनी गोणीची गाठ सोडली. दाणा जमिनीवर ओतला गेला. शेळ्या खाऊ लागल्या.

"बारा र्‍हायल्या घळीत," ताराक्का हळूच म्हणाली. तिने स्वतः अजून दाण्याला तोंड लावलं नव्हतं. पाठीला आधी खाऊ देत होती.

"मी निघालो हुतो, आक्का. फाटक लावलं."

"ठावं हाय. तू लबाड न्हाईस. म्हनूनच तर तुझं चित्तर लावलं त्यांनी."

दौलतरावांचं हसणं पहिल्यांदाच थांबलं होतं. गवाराजे या पायावरून त्या पायावर झाले. बगळ्यांनी डोळे पूर्ण उघडले. आता कंपनी बुडते, असं मागच्या रांगेतल्या गाढवांना वाटलं आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला.

हिरामण उडून चौथऱ्यावर बसला.

"महोदय," तो म्हणाला, "आपण आत्ता जे पाहिलंत ते आमच्या नव्या योजनेचं प्रात्यक्षिक आहे. ग्राहक स्वतः चालत कोठारापर्यंत आला. स्वतः माल घेतला. वाहकाला चार दिवस चढावं लागलं नाही. वाहतुकीत पडलेले श्वास किती? शून्य."

बगळ्यांमध्ये कुजबुज झाली. मुख्य बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला. हे त्यांच्यात फार मोठ्या प्रशंसेचं लक्षण होतं.

"आणि घळीत जे काही कमी झालं?" त्याने विचारलं.

"मागणीत घट," हिरामण म्हणाला.

प्रमाणपत्र तिथल्या तिथे मिळालं. योजनेला 'आपला दाणा, आपल्या पायी' असं नाव दिलं गेलं आणि राजांनी ती सगळ्या जंगलाला लागू केली. फाटकावरचं जुनं चित्र काढून नवं लावलं. त्यात बयाजी शेळ्यांसमोर खाली बसलेला होता. खाली लिहिलं होतं : सेवा दारात. कुणाच्या दारात ते लिहिलेलं नव्हतं.

बयाजीने यानंतर कुणाचं भलं करायचा प्रयत्न उघड्यावर केला नाही. त्याने दोनदा काहीतरी चांगलं केलं होतं आणि दोन्ही वेळा त्याचा नियम झाला होता. उरलेल्या चार गोणी त्याने हळूहळू, मूठमूठ करून, हरितवनाच्या मागच्या बाजूला पोचवल्या. शेळ्या आता तिथे दगडांच्या आडोशाला राहत होत्या.

दोन महिन्यांनी निवडणूक लागली. विरोधात एक रानडुक्कर उभा होता. 'दगडापेक्षा वीट मऊ' ही त्याची घोषणा होती आणि निवडून आल्यास सर्व गोणींमध्ये विटा भरल्या जातील असं त्याने जाहीरनाम्यात छापलं होतं. लढत चुरशीची होईल असं जाणकार म्हणत होते.

मतदानाच्या दिवशी एकोणीस शेळ्या फाटकावर गेल्या. त्यांना सांगण्यात आलं की तुमची नावं शेंदूरकड्याच्या यादीत आहेत, तिथे जाऊन मत द्या. कड्यावर आता कुणीच राहत नव्हतं. पण यादीत नावं होती, म्हणून मतपेटी तिथे जाणं कायद्याने भाग होतं. धान्याला जमत नव्हती ती वाट पेटीला चार दिवस आधीच मोकळी करून दिली गेली होती. पेटी न्यायला बयाजीला निवडलं होतं. मतदान अधिकारी म्हणून घूस सोबत होती, तीही त्याच्याच पाठीवर.

पेटी एका बाजूला लटकवल्यावर खोगीर कललं. बयाजीने आपला जुना गोटा काढला आणि दुसऱ्या बाजूला पासंगाला लावला. रिकामी पेटी, घूस आणि गोटा घेऊन तो कड्यावर चढला. वर वारा होता, लेंड्या होत्या आणि कपारीत वाळलेल्या पाल्याचा चोथा होता.

"तू जरा त्या खडकापलीकडे जाऊन उभा राहा," घूस म्हणाली. "मतदान गुप्त असतं."

बयाजी उभा राहिला. अर्ध्या तासाने तिने त्याला हाक मारली. उतरताना गोटा पुरेना. पेटीकडे ओढ लागत होती, खोगीर कलत होतं. वाटेत थांबून त्याला आणखी एक दगड शोधावा लागला.

निकाल लागला. गवाराजे चौथ्यांदा निवडून आले. सभेत त्यांनी शेंदूरकड्याचा खास उल्लेख केला, कारण शंभर टक्के मतदान झालेली ती एकच वस्ती होती. बयाजी संध्याकाळी हरितवनामागे गेला. ताराक्का दगडाला पाठ टेकून रवंथ करत बसली होती.

"आमच्या कड्यावर किती पडली म्हनं?" तिने विचारलं.

"एकतीस."

"कुनाला?"

"सगळी राजांना."

ताराक्काचं रवंथ थांबलं. तिने मनातल्या मनात मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग तिचं तोंड परत हलू लागलं.

"चला," ती म्हणाली, "त्या बाराजणींना दाना न्हाई पोचला, पर पेटी तर पोचली."